अर्जदार मी, अवलंबून हे

४ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज गेला एकदाचा! पाकीट डकवून झाल्यावर यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा डकवलं. पोस्टाच्या खिडकीतली बाई शेवटी म्हणाली, "सोडा आता." तेव्हा कुठे यांच्या हातातून सुटलं.

मुख्य अर्जदार – मी! व्यवसाय – स्वतःचा, कपड्यांची दुरुस्ती. आणि खालच्या रकान्यात 'अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती' – नवरा, मुलगी. तिथे स्वतःचं नाव लिहिताना हे बराच वेळ पेन धरून बसले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर हसूच आलं असतं.

हे सगळं झालं आपोआप. दुकान घेतलं तेव्हा यांच्या कंपनीच्या करारात होतं की नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही. म्हणून दुकान माझ्या नावावर. "नावापुरतं गं," हे म्हणाले होते. मग कंपनीने इथली कचेरीच गुंडाळली. यांची नोकरी गेली, आणि या परक्या देशात राहायचा परवाना नोकरीलाच बांधलेला. उरलं काय? माझं नावापुरतं दुकान! आता अर्ज मंजूर झाला तर आम्ही कायमचे इथे. नाही झाला तर वर्ष संपायच्या आत चंबूगबाळं आवरायचं.

तसं आवरायला फार नाहीच. आमच्या घरात एकही जड वस्तू नाही. पलंग घडीचा, खुर्च्या घडीच्या, जेवायचं टेबल घडीचं. "उद्या जायची वेळ आली तर?" हे यांचं पालुपद. दुकानातही मी कापड जमिनीवर अंथरून कापते. मला कमरेइतकं उंच, भक्कम लाकडाचं टेबल हवंय – हलवायला चार माणसं लागतील असं. मंजुरी आली की घेणार. तोवर गुडघ्यांनी धीर धरावा.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर पँटी आखूड करणे. या गावातली माणसं उंचीने कमी होत चाललीत की काय!

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना फोनवर सांगितलं. हे सांगणार नव्हते, पण कन्येच्या पोटात काही राहत नाही. "आजी, बाबा आईवर अवलंबून आहेत, सरकारी कागदावर!"

पलीकडून सासूबाई – "माझा मुलगा? अवलंबून? कुणी लिहिलं असं?"

"त्यांनीच लिहिलंय, स्वतःच्या हाताने," मी म्हटलं.

मला वाटलं आता रामायण सुरू. तर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. अक्षर तरी चांगलं आहे त्याचं." आणि खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, तुझे सासरे जिथे बोट ठेवत तिथे मी सही करत आले, वर काय लिहिलंय ते विचारायचं कधी सुचलंच नाही. हे सांगताना मात्र हसत नव्हत्या.

१२ मार्च, बुधवार

मुलाखतीला बोलावणं आलं! दोन आठवड्यांनी. यांच्या अंगात पुन्हा मॅनेजर संचारला. भिंतीवर तक्ते. धंद्याची वाढ दाखवणारी रेघ अशी वर चढवलीय की पाहून मलाच चक्कर आली. "दुसऱ्या वर्षी एक माणूस कामाला ठेवणार, असं आपण अर्जात लिहिलंय," हे म्हणाले. "लक्षात ठेव."

एक माणूस? त्या दुकानात मी आणि इस्त्री एकदम वळलो तर एकीला बाहेर जावं लागतं.

१६ मार्च, रविवार

मुलाखतीची तालीम. मला आरशासमोर उभं करून हे म्हणतात, "म्हण – मी उत्तम काम करते."

मी म्हटलं, "मी बरं काम करते."

"उत्तम!"

"उत्तमच, पण…"

कन्येने कपाळावर हात मारून घेतला. "आई, पण म्हणू नकोस! इथे कुणी पण म्हणत नाही!"

मला खरंच जमत नाही. स्वतःच्या तोंडाने स्वतःची आरती ओवाळायची म्हणजे अंगावर काटा येतो. साडी छान आहे म्हटलं की 'जुनीच आहे हो' म्हणायचं, आमटी छान झाली म्हटलं की 'मीठ जरा कमी पडलं' म्हणायचं – असंच वाढलो आम्ही. आरशात बघून तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा हसू आलं.

२६ मार्च, बुधवार

माती खाल्ली. सरळ लिहून टाकते.

खिडकीमागे तरुण साहेब. टाय इतका आवळलेला की मला आधी त्याच्या कॉलरचीच काळजी वाटली, गळ्यात चांगली अर्धा इंच मोठी हवी होती. माणूस सभ्य. हळू बोलत होता. त्याची भाषा मला सगळी समजत होती, म्हणजे तो बहाणाही नाही.

त्याने विचारलं, "तुमच्या कामात विशेष काय?"

मी म्हटलं, "विशेष असं काही नाही. सगळे करतात तसंच."

आरसा, तालीम, तक्ते – सगळं पाण्यात!

"दुकानाचा कारभार कोण बघतं? मालक कोण?"

आणि मी – हसून, मान कलती करून – म्हटलं, "आमचे हे बघतात सगळं."

हे! हे दुकानात काय बघतात? विजेचं बिल आणि पंख्यावरची धूळ! पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला मोठेपणा द्यायची सवय. जीभ आपली आपण चालत गेली. साहेबाने ते लिहून घेतलं. शांतपणे, एकेक अक्षर. वर त्याने विचारलं की धंदा वाढेल असं वाटतं का, तर मी म्हणाले, "बघू, नशिबात असेल तसं."

बाहेर काचेपलीकडे हे बसले होते. मी बाहेर आले तेव्हा यांनी माझी पिशवी हातात घेतली. घरी येऊन सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. तर यांचे खांदे हलायला लागले. "मी बघतो सगळं? मला बॉबिन कुठल्या बाजूला असते तेही माहीत नाही गं!" हसता हसता डोळे पुसले. ते सगळं पाणी हसण्याचंच होतं असं मला वाटत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पत्र आलं. "अर्जदार व्यक्ती स्वतः व्यवसाय चालवते याबद्दल खात्री होत नाही. प्रत्यक्ष पाहणी केली जाईल. दिवस आधी कळवला जाणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. यांनी पत्र चार वेळा वाचलं आणि हुकूम सोडला – स्वतःवरच. आजपासून हे दुकानात पाऊल टाकणार नाहीत. विजेचं बिलसुद्धा मी भरायचं.

१७ एप्रिल, गुरुवार

हे घरी. डबा मात्र वेळेवर! पोळ्या गोल नव्हत्या, पण मऊ होत्या. डबा आणून देताना हे दुकानाच्या दारातून आत हात फक्त लांब करतात. उंबरठा ओलांडत नाहीत. मी म्हटलं, "अहो, सोवळं आहे का माझं?"

"कोण कुठून बघत असेल सांगता येत नाही," म्हणून निघून गेले.

शेजारच्या चावीवाल्याने दुकानातून मान बाहेर काढून विचारलं, "गिऱ्हाइकाशी भांडण झालंय का?" म्हातारा जन्मभर याच गल्लीत चाव्या करत आलाय. त्याला काय आणि कसं सांगू?

२९ एप्रिल, मंगळवार

आज लग्नाचा पोशाख आला, एका मुलीच्या आईचा होता. आई जाडजूड, मुलगी काडी. मुलीने घालून बघितला तर पोत्यात काठी! दोन्ही कडेच्या शिवणी उसवल्या, आतली माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, बघितली – जुन्या शिंप्याने भरपूर ठेवली होती. पूर्वी हात सढळ होते लोकांचे. मीही कापून टाकणार नाही, आत दुमडून ठेवणार. उद्या हिच्या मुलीला लागेल.

काम करताना अर्ज-बिर्ज काही आठवत नाही. पत्र आल्यापासून हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. चार तास मी फार सुखात होते.

४ मे, रविवार

यांचं वाईट वाटतं. वाचनालयात जाऊन बसतात. नोकरीच्या जाहिराती वाचतात, अर्ज करतात, उत्तरं येत नाहीत. आज घरातले मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मला हळद सापडेना. ओरडणार होते, पण तोंडाशी आलेलं गिळलं.

रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "मला तुरपाई शिकव ना. नुसतं बसून मी कुजेन."

मी म्हटलं, "आणि पाहणीवाले आले तर?"

"तर सांगू की मी शिकाऊ आहे. खोटं थोडंच आहे?"

कन्या म्हणाली, "बाबा, तक्ता नका काढू फक्त."

काढला. उद्यापासूनचा अभ्यासक्रम. पहिला आठवडा – सुई ओवणे.

१२ मे, सोमवार

मी कुणालाही आधी उसवायलाच बसवते. मावशीने मला तसंच बसवलं होतं. शिवण कशी बसते ते उसवताना कळतं, आणि कापडाला हात कसा लावायचा तेही. हे चष्मा नाकावर घसरवून जुन्या पडद्याच्या शिवणी उसवत बसले. मन लावून. हिशेबाची माणसं चिकाटीची असतात, हे मान्य करायला हवं.

चावीवाला येऊन बघून गेला. "हा माणूस नेमका कोण?" त्याने मला हळूच विचारलं. "मला आजवर वाटायचं की कपडे घ्यायला येतो आणि जायचं विसरतो."

मी म्हटलं, "नवरा."

"असं असं," म्हणाला. त्याचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

२७ मे, मंगळवार

पाहणी झाली!!

आत्ताच लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी हे मशीनवर. पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचा कपडा दिला होता – साधी पँट, तळाला टीप मारायची. मी आत इस्त्री करत होते. हे म्हणाले, "झालं बरं का!" सुरात विजय. मी पँट उचलून बघते तर – पायच शिवून टाकलेला! पुढची बाजू मागच्या बाजूला जोडून, छान सरळ, बारीक टिपेने. पाय बाहेर यायला जागाच नाही!

माझा पारा चढला. "अहो, काय केलंत हे! माणूस पाय घालणार कुठून? किती वेळा सांगितलं, खालचं कापड हाताने चाचपून घ्या, चाचपून घ्या! लक्ष कुठे असतं तुमचं? उसवा! आत्ताच्या आत्ता उसवा, आणि कापडाला भोक पडलं तर याद राखा!"

"हो बाई. हो. उसवतो," हे म्हणत होते, आणि माझ्या पाठीमागे बघत होते. डोळे बशीएवढे.

मी वळले. दारात एक बाई. पांढरे केस, सपाट बूट, राखाडी कोट, गळ्यात सरकारी ओळखपत्र. किती वेळ उभी होती कोण जाणे!

तिने आपण कोण ते सांगितलं. मग कागद उघडून विचारलं, "मालक कोण?"

यांनी हातातलं उसवायचं हत्यार माझ्याकडे रोखलं. आणि मी – रागातच होते अजून – म्हणाले, "मी!" खणखणीत. शांत असते तर पुन्हा 'आमचं आपलं छोटंसं' झालं असतं, मला खात्री आहे.

मग तिने सगळं बघितलं. दोऱ्यांचा खण, बटणांच्या बाटल्या, टांगलेले कपडे. मी जमिनीवर कापड अंथरलेलं बघून म्हणाली, "खाली बसून का कापता?"

मी खरं ते सांगितलं. "टेबल जड असतं. तुमचा कागद आला की घेईन."

हिने ते लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही. पुढे बरेच प्रश्न. गिऱ्हाइकं कुठून येतात, भाडं कुणाच्या नावावर, वेळा काय. आणि काही वेगळेच – हे काम शिकायला किती काळ लागतो? नजर किती चांगली लागते? शिकवताना सुरुवात कशापासून करता? माणूस ठेवायचं म्हणता, तर कसं माणूस चालेल तुम्हाला?

मी म्हटलं, "ज्याला उसवायचा कंटाळा नाही असं."

यांच्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली. "निर्णय माझ्या हातात नसतो," जाताना म्हणाली. "मी बघते ते लिहून देते."

आणि एक गोष्ट. तिने पेन खिशात घालताना कोट उघडला. आतलं अस्तर फाटलेलं, आणि ते जोडलं होतं – स्टेपलच्या पिनांनी! कचेरीत कागद टोचतात त्या! ओळीने, सरळ. माझे हात शिवशिवले. "काढा तो कोट, आत्ता टाके घालते," असं ओठांवर आलं होतं. यांनी मागून माझ्या पदराला असा हिसका दिला! ती गेल्यावर म्हणाले, "खबरदार! कोट शिवून देणार होतीस ना? लाच झाली असती ती!"

२८ मे, बुधवार

चावीवाल्याकडेही गेली होती म्हणे! त्याला विचारलं, शेजारचं दुकान कोणाचं? तो म्हणाला, "बाईंचं. तिथे एक माणूस असतो, त्याला फार बोलणी खावी लागतात."

भलं होवो त्या म्हाताऱ्याचं.

१ जून, रविवार

यांनी प्रश्नांची चिरफाड चालवलीय. शिकायला किती काळ लागतो – म्हणजे काम कुशल आहे की कुणीही करू शकतं ते बघायचं. नजर – म्हणजे अर्जदाराची तब्येत. माणूस कसं चालेल – म्हणजे लिहिलेली योजना खरी की थाप. "प्रत्येक प्रश्नात सापळा," हे म्हणाले. "तू उसवण्याचं सांगायला नको होतंस. उसवणं म्हणजे नुकसान असं लिहिलं असेल तिने."

मी घाबरले. खरंच तसं लिहिलं असेल का? डोळ्यांचं विचारलं तेव्हा मी म्हणाले होते की सुई ओवायला आता चष्मा लागतो. तेही नको होतं सांगायला.

कन्या म्हणाली, "आई, त्या बाई तुझ्या बटणांच्या बाटल्यांकडे बघत होत्या असं तूच म्हणालीस ना? मग त्यांना आवडलं असेल दुकान. झालं!" पोरीला सगळंच सोपं. तिची सगळी मैत्री इथली, स्वप्नंही इथल्याच भाषेत पडतात. आपण गेलो तर सगळ्यात जास्त हिचं उसवेल. म्हणून तर एवढी धडपड.

आणि माझ्यासाठीही. उगाच पोरीच्या आडून कशाला बोलू? मला हे दुकान हवंय. मला आवडतं ते.

११ जून, बुधवार

यांची पहिली निर्दोष पँट. दोन्ही पाय मोकळे! गिऱ्हाईक घालून गेलं, यांनी दारापर्यंत सोबत केली आणि ते वळणावरून दिसेनासं होईपर्यंत त्याच्या घोट्यांकडे बघत राहिले.

६ जुलै, रविवार

काही नाही. टपालात नुसत्या जाहिराती. पण छान चाललंय. सकाळी दोघं मिळून दुकान उघडतो. हे तुरपाई, चेन बदलणं, बटणं. मी बाकीचं. मधल्या वेळचा चहा चावीवाल्यासह. त्याला हे आता मनापासून आवडतात. "सुधारतोय," असं मला सांगतो, यांच्यासमोरच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसभर एका खोलीत आम्ही कधी बसलोच नव्हतो. हे गुणगुणतात हे मला माहीत नव्हतं. बेसूर. पण टीप सरळ येते तेव्हा गुणगुणतात, म्हणून मी ऐकते.

३० जुलै, बुधवार

सासूबाई फोनवर – "तो शिवतो म्हणे?"

"हो. बरं शिवतात."

"लहानपणी मी सांगितलं, स्वतःच्या शर्टाचं बटण लाव, तर म्हणायचा हे बायकांचं काम. आता तिथून एक शर्ट शिवून पाठव म्हणावं. गळा मोठा ठेव म्हणावं."

१९ ऑगस्ट, मंगळवार

घोडं गंगेत न्हालं!! मंजूर! मंजूर! मंजूर!

पत्र मीच फोडलं. हे म्हणाले, "मुख्य अर्जदाराने फोडायचं." माझं नाव, खाली 'अर्जदाराबरोबर' म्हणून यांचं आणि कन्येचं. पाहणीच्या अहवालातली एक ओळही छापली होती – "व्यवसायावर अर्जदाराचा संपूर्ण ताबा असल्याचे प्रत्यक्ष दिसून आले."

प्रत्यक्ष! यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, दोनदा. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ती पँट मी मुद्दाम शिवली होती."

थापाड्या! पण मी रडत होते, म्हणून सोडून दिलं. कन्या आम्हा दोघांच्या गळ्यात पडली आणि तिघं तसेच उभे राहिलो दुकानात, इस्त्री तापत होती तरी. चावीवाल्याने वास आला म्हणून येऊन ती बंद केली.

६ सप्टेंबर, शनिवार

टेबल आलं! जुन्या सामानाच्या दुकानातून, कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेचं. कमरेइतकं. चार माणसं लागली, पाचवा चावीवाला सूचना द्यायला. दारातून आत येईना. हे म्हणाले, "मी आधी माप घ्यायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." शेवटी दाराची चौकट काढावी लागली.

आता ते दुकानाबाहेर न्यायचं तर पुन्हा चौकटच उखडावी लागेल. आतापर्यंत इतकं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं. दिवसभर उभी राहून कापलं. मधूनच त्यावर तळहात ठेवून उभी राहते.

१५ सप्टेंबर, सोमवार

आता लिहिल्याप्रमाणे माणूस ठेवायचं. काम खरंच वाढलंय, दोघांना उरकत नाही. आणि यांना आठवड्यातले तीन दिवस एका कारखान्यात हिशेबाचं काम मिळालंय. उरलेले दिवस इथेच बसणार, तुरपाई सोडणार नाही म्हणाले.

दाराच्या काचेवर पाटी लावली – 'मदतीला माणूस पाहिजे. शिकवू.' हे म्हणत होते, खाली अनुभवाची अट घाला. मी नाही घातली. यांना तरी कुठे होता?

२३ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी पाटी बघून पहिलं माणूस आलं. पांढरे केस, सपाट बूट, राखाडी कोट. गळ्यात ओळखपत्र नाही. मी हातातली कात्री खाली ठेवली – पुन्हा पाहणी?

"गेल्या महिनाअखेरीला निवृत्त झाले," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांवर अहवाल लिहिले. त्या दिवशी मी तुम्हाला काही प्रश्न विचारले होते ना – शिकायला किती काळ लागतो, नजर किती लागते. ते अर्जासाठी नव्हते. मला स्वतःला हवे होते. कागद तुमच्या हातात पडेपर्यंत यायचं नाही, असं मी ठरवलं होतं." मग पाटीकडे बोट दाखवून, अगदी त्याच सुरात, "मालक कोण?"

"मी," म्हटलं. या वेळी रागावलेले नव्हते.

आतून यांचा आवाज आला, "कागदपत्रं आणायला सांग! दोन फोटोंसह!"

मी म्हटलं, "ते नंतर. आधी कोट काढा." तो नव्या टेबलावर पसरला, आतली बाजू वर केली, आणि उसवायचं हत्यार तिच्या हातात दिलं. "या पिना काढा. सगळ्या. कापडाला भोक पडता कामा नये."